अख्खी भेंडी

"डोळे मीट, डोळे! संतांना फसवतेस होय गं?" ओतिलिया ओरडली.

झेनाइदेने डोळे घट्ट मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि हातातली अख्खी भेंडी रटरटत्या पातेल्यात टाकून दिली. बाकीच्या टोपलीभर भेंड्या सकाळपासून गल्लीतल्या बायकांनी बसून बारीक चिरल्या होत्या, आणि त्या आता ताडाच्या लाल तेलात, सुक्या कोलंबीत आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजून गोळा झाल्या होत्या. ही एकटीच अख्खी. ज्याच्या ताटात ती निघेल त्याने पुढच्या सप्टेंबरात कोस्मे आणि दामियांव या जुळ्या संतांचं जेवण घालायचं. सगळ्या गल्लीला बोलवायचं आणि जेवणानंतर अंगणात सांबा लावायचा. नाही म्हणायची सोय नाही. संत झाले तरी ती पोरंच आहेत. शब्द मोडला की पोरांसारखी चिडतात आणि घरात काय काय मोडून ठेवतात.

अख्खी भेंडी कोणाकडे गेली हे वाढणारीलाही कळता कामा नये, म्हणून तर डोळे मिटायचे. पण ओतिलियाने आपले डोळे मिटले नव्हते. पातेलं ढवळायचं काम तिने सकाळीच मागून घेतलं होतं आणि ती भेंडी पडल्यापासून तिला डावाने कडेकडेने सांभाळत होती. चिरुटाच्या कारखान्यात जन्म गेलेली बाई. पानाची शीर कुठे आहे ते बोटांना न बघता कळायचं, मग एवढ्याशा भेंडीचं काय घेऊन बसलात!

"हवालदार आला का गं?" तिने विचारलं.

"आला की. पुढे खुर्चीवर बसलाय, पांढऱ्याशुभ्र कपड्यात," झेनाइदे म्हणाली. "तू आज त्याची चौकशी करतेस? पाऊस पडेल हं, बाई."

"पडू दे."

हवालदार म्हणजे आर्जेमिरो. नोकरी संपून वर्षं लोटली, पण गल्लीत पाठीमागे त्याला अजून हवालदारच म्हणायचे. तोंडावर मात्र 'आर्जेमिरोभाऊ'. कारण आता तो गावातल्या सांबा मंडळाचा प्रमुख होता. मंडळाला त्याने एकसारखे सदरे शिवून घेतले, राजधानीला जायला बस ठरवली, पाहुण्यांपुढे कार्यक्रम केले. आयत्या बिळावर नागोबा! आणि मागच्याच आठवड्यात कहर झाला. कारखान्यात भिंतीवर रेडिओ लावलेला असतो. चिरूट वळता वळता बायकांनी त्याचा आवाज ओळखला. रेडिओवरच्या माणसाने काही विचारलं आणि आर्जेमिरो म्हणाला, "लहानपणापासून या सांब्याला मी पोटच्या पोरासारखं जपलंय हो." ओतिलियाच्या हातातलं पान टर्रकन फाटलं. इतक्या वर्षांत तिचं पान फाटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

जपलंय म्हणे!

तो तरणा हवालदार होता तेव्हाची गोष्ट. त्या वेळी ढोलाला हात लावायचा तर ठाण्याची परवानगी लागायची. आणि मागायला गेलं की मिळायची नाही. काळ्या लोकांचा गोंगाट म्हणायचे. त्या गोंगाटातले ताल आज रेडिओवर व्हायोलिनच्या संगतीत वाजतात आणि रिओतल्या बायका त्यावर टाचा आपटतात, ते सोडा. एका रविवारी, भर दुपारी, ओतिलियाच्या घराच्या अंगणात सांबा चालू होता. आर्जेमिरोच आला पोलीस घेऊन. त्याला वाट शोधावी लागली नाही. याच गल्लीत वाढलेला, याच रिंगणात त्याची आई फिर्मिना नाचायची. कोणाचा ढोल कुठल्या खाटेखाली असतो ते त्याला तोंडपाठ होतं. ढोलांवर कुऱ्हाडी पडल्या. ओतिलियाचा धाकटा भाऊ तिबुर्सियो त्याची छोटी गिटारसारखी वियोला छातीशी धरून उंबऱ्यावर बसला. सोडेना. आर्जेमिरोने ती हिसकून घेतली, तिबुर्सियो पडला, त्याचा हात दगडी पायरीवर आला. आणि आर्जेमिरोने त्यावर बूट ठेवला. ठेवला आणि फिरवला.

ठाण्याचा साहेब गाडीजवळ उभा होता. त्याने काहीही सांगितलं नव्हतं. ओतिलिया दोन हातांवर उभी होती आणि तिने हे बघितलं होतं. साहेबाच्या नजरेत भरावं म्हणून आर्जेमिरोने ते आपल्या मनाने केलं. बाकी सगळं ती एखाद वेळी विसरली असती. हे विसरली नाही.

फिर्मिना पुढे वारली ती कोणाशी न बोलताच. गल्लीने तिला टाकलं नव्हतं, तिनेच तोंड बाहेर काढलं नाही. तिबुर्सियोची बोटं वेडीवाकडी जुळली. तो आता चर्चची घंटा वाजवतो, दोरी मनगटाला गुंडाळून.

तर भेंडीच्या त्या दिवशी झेनाइदेच्या अंगणात आधी चटईवर संतांच्या नावाची सात पोरं बसली, हातांनी भेंडीचा गोळा मटकावून तोंडं लाल करून उठली. मग मोठ्यांची पंगत. ओतिलियाने आर्जेमिरोचं ताट स्वतः वाढलं. भात, चवळी, कोंबडीचा तुकडा, आणि वर डावभर भेंडी. ताट त्याच्या हातात देताना मनात म्हणाली, बाळांनो, खोडी काढतेय मी. तुम्ही पण पोरंच आहात. समजून घ्या.

चौथ्या घासाला आर्जेमिरो थांबला. बोटांनी भेंडी वर उचलली, आणि आनंदाने उभाच राहिला.

"निघाली! माझ्या ताटात निघाली! अरे, मला निवडलं रे संतांनी!"

"संतांची कृपा," ओतिलिया म्हणाली.

"पुढच्या वर्षी माझ्या घरी! सगळ्यांनी यायचं. आणि ऐका, राजधानीतली रेकॉर्डवाली माणसं किती दिवस माझ्या मागे आहेत. त्यांना म्हणेन, याच दिवशी या. आपली तबकडी निघेल, तबकडी!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. ओतिलियाला म्हणूनच जास्त राग आला.

*

वर्षभर तिने एकच काम केलं. घरोघर गेली.

आता सांबा म्हणजे काय, तर आधी दोघं गाणं टाकतात. ते चालू असताना कोणी नाचायचं नाही, पाऊल हलवायचं नाही. समोरच्या दोघांनी त्याला जबाब द्यायचा. जबाब पडला की मग ढोल, ताटली-सुरी, टाळ्या सगळं उसळतं आणि एक बाई रिंगणात उतरते. जबाब नाही तर काही नाही. टाकलेलं गाणं तसंच लोंबकळत राहतं, आणि टाकणाऱ्याला तोंड कुठे लपवावं कळत नाही. बोटीतून साखळीत आलेल्या आज्या-पणज्यांना बरोबर काही आणता आलं नाही, म्हणून त्यांनी हा कायदा आणला, असं ओतिलियाची आजी सांगायची. म्हणायची, एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची. जहाजाच्या पोटात अंधारात कोण जिवंत आहे ते असंच कळायचं.

ओतिलियाला आर्जेमिरोला ओ मिळू द्यायची नव्हती.

"जेवा. पोटभर जेवा," ती सगळ्यांना सांगायची. "त्याचं मीठ आहे म्हणून लाजू नका, आपल्या ढोलांचं सरपण केलंय त्याने. पण त्याने गाणं टाकलं की तोंडात मूग गिळून बसायचं. त्या रेकॉर्डवाल्यांसमोर. एकदाच."

"आणि त्याने आमच्या पोराला बंदरावर कामाला चिकटवलंय ते?" कारखान्यातली एक जण म्हणाली.

"पोराला चिकटवलं, आणि तुझ्या बापाला त्याच ठाण्यात लटकवलं होतं. कर बेरीज तूच."

तिने पुढचं पान ओढलं. बाकीच्या खाली मान घालून पानं वळत राहिल्या. संध्याकाळी कारखाना सुटल्यावर तीच बाई फाटकाशी येऊन म्हणाली, "नाही देणार टाळी. जा."

म्हातारा ओनोफ्रे सगळ्यात अवघड गेला. मंडळात जबाब द्यायचं काम त्याचं. ढोलही तोच वाजवायचा.

"ओतिलिया, मला सदरा मिळालाय गं मंडळाचा," तो म्हणाला. "म्हातारपणी पहिला नवा सदरा."

"तुझा पहिला ढोल कुठाय ओनोफ्रे? तुझ्या बापाने पोखरलेला?"

"नदीत गेला की. दोन तुकडे होऊन."

"तो सदरा घालून जा आणि नदीला विचार, आठवतं का म्हणून."

ओनोफ्रेने बराच वेळ पाइप ठोकला. मग म्हणाला, "गळा बसलाय म्हणेन. पण कोंबडी सोडणार नाही हं, आधीच सांगून ठेवतो!"

फक्त झेनाइदे ऐकेना. लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. तिला भेंडीचंही कळून चुकलं होतं.

"तू माझ्या पातेल्यात खोटं केलंस," ती म्हणाली. "आणि आता संतांचा सांबा मोडतेस. त्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

"संतांना जेवायला मिळेल की."

"सांब्याशिवाय?"

"त्यांचं-माझं मी बघून घेईन."

"आणि तिबुर्सियो? त्याला विचारलंस?"

ओतिलिया फाडकन म्हणाली, "त्याला काय विचारायचं? त्याच्याचसाठी तर चाललंय सगळं."

तिबुर्सियोला ती काही सांगत नसे. दोघंच राहायची, नदीकडच्या त्याच घरात. लग्न त्याचं झालं नाही, तिचं झालं ते टिकलं नाही. रोज सकाळी ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची, त्याची बोटं बटणाला वळत नसत. कधी कधी बटणं लावतानाच त्याच्या छातीत बारीक सूर घुमायचा. ती लगेच म्हणायची, "नको. तिकडे ऐकू जाईल. त्या माणसाला तुझा आवाजसुद्धा मिळता कामा नये." तो थांबायचा. सवयच झाली होती दोघांना, एकाला सुरू करायची आणि एकीला थांबवायची. सदरा झाला की ती कामावर जायची आणि तो चर्चकडे.

*

आर्जेमिरोचं घर चढावर, नव्या फरशीचं. त्याने खर्चाला हात आखडला नव्हता. मक्याच्या लाह्या, उसाचे करवे, खोबऱ्याच्या वड्या, पाहुण्यांना बिअर. राजधानीतली दोन माणसं अंगणात टेपचं यंत्र मांडून बसली होती आणि वायरीला पाय लागू नये म्हणून सगळ्यांना हात जोडत होती. सात पोरं जेवून उठली. गल्ली जेवली. ओनोफ्रेने कोंबडी दोनदा घेतली.

ओतिलियाने तिबुर्सियोला इस्त्रीचा सदरा घालून आणलं होतं. पहिल्या ओळीत, आर्जेमिरोच्या बरोब्बर समोर खुर्ची टाकून बसवलं. हात मांडीवर, दिसेल असे. बघू दे मेल्याला, तिने मनात म्हटलं. स्वतः ताटली आणि सुरी घेऊन शेजारी बसली. गावात तिच्यासारखी ताटली कोणी वाजवत नसे. साध्या जेवणाच्या ताटलीवर साधी सुरी घासायची, पण तिने घासली की म्हाताऱ्या बायकांचे खांदे आपोआप हलायचे. आज ती घासणार नव्हती.

आर्जेमिरो उभा राहिला. पांढरे कपडे, पांढरे बूट, चकचकीत. यंत्राच्या चकत्या फिरू लागल्या. त्याने जोडीदाराकडे बघितलं आणि दोघांनी गाणं टाकलं:

*आलो तुमच्या दारी, दार उघडा कोणी,*
*नदी ओलांडून आलो, अंगभर पाणी.*

आवाज चांगला होता त्याचा. हे ओतिलियालाही नाकारता येत नव्हतं. फिर्मिनाचा गळा होता तो.

शेवटचा सूर विरला. समोरून काही आलं नाही.

आर्जेमिरो हसला. ओनोफ्रेकडे हात केला. ओनोफ्रेने गळ्याला बोट लावून मान हलवली. आर्जेमिरोने दुसऱ्यांदा गाणं टाकलं. जोडीदाराचा आवाज मध्येच बारीक होत गेला, आणि तो थांबलाच. पुन्हा काही नाही. कोणीतरी खोकलं. पोरांनी उसाची चिपाडं फेकायची थांबवली. यंत्रवाल्यांपैकी एक म्हणाला, "काही बिघडलंय का?" त्याला वाटलं, यंत्रामुळे.

आर्जेमिरोने सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. जिच्या पोराला बंदरावर लावलं तिच्याकडे बघितलं. ज्यांना सदरे दिले त्यांच्याकडे बघितलं. मग त्याची नजर ओतिलियावर आली, तिच्या मांडीवरच्या ताटलीवर आली, आणि त्याला सगळं समजलं. कपाळावरून घामाची धार कानापर्यंत आली.

काय बरं वाटलं तिला! खोटं कशाला बोला, इतकं बरं तिला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. पायरीवरचा तो आवाज, हाडाचा, तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या कानातून गेला. ती मनात म्हणत होती, हं, मार आता हाक. मार. तुझ्या आईच्या गळ्याने मार.

त्याने मारली. तिसऱ्यांदा. एकटाच. 'अंगभर पाणी'शी आवाज फाटला.

आणि ओतिलियाच्या कानाशी, इतक्या जवळून की तिला आधी भासच वाटला, कोणीतरी घसा साफ केला.

*दार आहे उघडं, ये खुशाल आत,*
*बूट काढ उंबऱ्याशी, मग देईन हात.*

गंजलेला आवाज. पहिल्या ओळीला दोनदा अडकला. पण ताल? तालात केसभर चूक नाही. तिबुर्सियो खुर्चीतून उठला नव्हता, डोळे मिटून मान वर करून गात होता. दुसऱ्या वेळी त्याने तीच ओळ घेतली तेव्हा ओनोफ्रेचा बसलेला गळा उठला आणि खालच्या सुरात त्याच्या जोडीला आला. अंगणातल्या प्रत्येकाला तो बूट कोणता ते माहीत होतं. फक्त यंत्रवाल्यांना नव्हतं, ते खुशीत माना डोलवत होते.

आर्जेमिरो खाली वाकला. बुटाच्या नाडीची गाठ त्याला सुटेना. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाहुण्यांसमोर तो गुडघ्यावर बसून गाठीशी झोंबत राहिला आणि गाणं त्याच्यासाठी थांबून राहिलं, कारण जबाब पुरा झाला तरी कोणी ढोलाला हात लावला नव्हता. एक बूट निघाला. दुसरा निघाला. त्याने ते नेऊन घराच्या उंबऱ्याशी ठेवले. अनवाणी परत आला आणि तिबुर्सियोसमोर उभा राहिला.

तिबुर्सियोने तो वाकडा हात पुढे केला. आर्जेमिरोने तो दोन्ही हातांत धरला, आणि ओनोफ्रेने ढोलावर थाप मारली.

*

ओतिलिया मांडीवरची ताटली उचलून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. बाहेर टाळ्या पडत होत्या, पक्क्या, गल्लीच्या टाळ्या. तिचे कान तापले होते.

थोड्या वेळाने तिबुर्सियो पाणी प्यायला आत आला. घामाघूम. डोळे कधी नव्हे ते चमकत होते.

"हे काय केलंस तू?" ती म्हणाली. "वर्षभर... अरे, वर्षभर मी उंबरे झिजवले! तुझ्यासाठी!"

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "घंटेच्या दोरीशी उभा असतो मी, बहिरा नाही."

"मग? एवढी दया आली त्याची?"

"दया? त्याची कशाला येईल?" तिबुर्सियोने धड हाताने पेला धरून पाणी संपवलं. "गाणं टाकलं गेलं होतं, ताई. तीनदा. जबाब माझ्या तोंडात आला, मी दिला."

"त्याला दिलास! त्याचा आवाज आणि तुझा आवाज आता एका तबकडीत जाणार. जन्मभर एकत्र वाजणार. कळतंय तुला?"

"कळतंय."

"माझं काही वाटलं नाही तुला?"

त्याने पेला खाली ठेवला. मग आवाज न चढवता बोलला, आणि त्यानेच ते जास्त लागलं.

"ताई, त्याने माझी बोटं मोडली. गळा नव्हता मोडला. गळा तू बंद केलास. रोज सकाळी, बटणं लावता लावता. नको, तिकडे ऐकू जाईल. मी गायलो असतो तर तुझा राग विझला असता ना? म्हणून मी गप्प. मी आपला गप्प. कारण तू माझ्यासाठी एवढं करतेस, मग तुला कसं दुखवायचं?"

"तिबुर्सियो!"

"त्याला मी बूट काढायला लावले. तुला काय काढायला लावू?"

बाहेरून कोणीतरी त्याला हाका मारत होतं. पुढचं गाणं पडलं होतं, जबाबाला माणूस हवा होता. तो गेला. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, ते तर तिला मुळीच सहन झालं नाही.

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. रडली नाही. रडायची वेळ नव्हती ती. तिच्या भावाने तिच्या तोंडावर खरं सांगितलं होतं आणि ते खरं आहे हे तिला कळलं होतं, पण कळलं म्हणून राग जातो असं कोणी सांगितलं? उलट आता तो दोन बाजूंनी जाळत होता. एक बाजू तिची स्वतःची.

दारात आर्जेमिरो आला. अनवाणी. पांढऱ्या विजारीची टोकं मातीने माखलेली.

"ओतिलिया," तो म्हणाला. "तो आला. तू पण ये गं. ताटलीशिवाय सुनं वाटतंय." मग जरा थांबून, "मी तेव्हा पोरगा होतो. साहेबाने..."

"साहेबाने काही सांगितलं नव्हतं."

आर्जेमिरोने विजारीवरची माती झटकली.

"मी दोन हातांवर होते, आर्जेमिरो. साहेब नुसता बघत होता. रेडिओवर काय हवं ते सांग, मला नको सांगू."

"त्याने मला माफ केलंय."

"केलं असेल. बोटं त्याची होती, त्याने त्याचं काय ते केलं. पण बघितलं मी होतं. ते माझं आहे. ते तुला देणार नाही मी, तू मेलास तरी." तिने ताटली टेबलावर पालथी घातली. "आणि ऐक. तुझ्या प्रत्येक सांब्याला येईन. पहिल्या ओळीत बसेन. जेवेन पण. आणि टाळी देणार नाही. सगळं गाव टाळ्या वाजवेल, तेव्हा तू माझे हात बघशील."

आर्जेमिरोने बाजूला होऊन तिला वाट दिली.

ती गेली आणि पहिल्या ओळीतल्या त्याच खुर्चीशेजारी बसली. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. तिबुर्सियो ओनोफ्रेच्या खांद्याला खांदा लावून जबाब देत होता. आवाजातला गंज आता बराच उतरला होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं कुठेतरी. जबाब संपला, ढोल उसळले, आणि झेनाइदे घागरा धरून रिंगणात उतरली. जाडजूड बाई, पण पाऊल जमिनीवरून उचलतच नाही, नुसतं सरकतं. एक फेरा घेऊन ती थेट ओतिलियासमोर आली आणि आपलं पोट तिच्याकडे पुढे केलं. बोलावणं होतं ते. रिंगणातलं बोलावणं नाकारत नाहीत, त्या गल्लीत आजवर कोणी नाकारलं नव्हतं.

"ये गं," झेनाइदे धापा टाकत म्हणाली. "ये ना, बाई. पुरे झालं."

ओतिलियाने मान हलवली.

झेनाइदे तालावर जागच्या जागी थांबून राहिली, एक आवर्तन, दोन आवर्तनं. मग तिचे डोळे भरून आले आणि ती वळून शेजारच्या पोरीकडे गेली. तिला पोट लावलं आणि बाहेर झाली. पोरगी किंचाळत आत शिरली. अंगणभर टाळ्या कडाडल्या. आर्जेमिरो पलीकडून बघत होता, आणि ओतिलियाचे हात मांडीवर होते तसेच राहिले.

घागऱ्याखाली मात्र तिच्या उजव्या पायाने कधीच ताल धरला होता. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने खाली न बघता डावा पाय उचलला, उजव्यावर ठेवला आणि दाबून धरला.